चेहऱ्यावरचे डाग काढताना चेहरा का हरवतो

डोंबिवलीच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. त्याने चुलत बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो काढले. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, ५० मिलिमीटरची लेन्स, हॉलमध्ये डोक्यावर ट्यूबलाइट आणि डाव्या हाताला खिडकी. बहिणीच्या गालांवर दोन-चार ताजी मुरुमं, जुन्या मुरुमांचे काळपट डाग, आणि कपाळ घामाने चमकतंय. त्याने फोटोशॉपमध्ये स्पॉट हीलिंगने (डागावर शेजारची त्वचा आपोआप बसवणारं हत्यार) मोठे डाग उडवले, त्यात डाव्या गालावर ओठाजवळचा तीळही गेला, आणि उरलेल्या चेहऱ्यावर गॉशियन ब्लर (सगळं सारखं धुरकट करणारा फिल्टर) मारला. बहीण म्हणाली, "ही मी नाहीच." काकू म्हणाल्या, "छान झालंय, पण अजून जरा उजळ कर." आता तो विचारतोय की कोणतं प्लग-इन (फोटोशॉपला जोडायचं तयार साधन) घेऊ आणि स्मूथ नेमकं किती करू?

आता थेट त्यालाच सांगते. प्लग-इनबद्दल पुढे बोलते, पण त्याने तुमचा प्रश्न सुटणार नाही. बहीण आणि काकू एकाच फोटोबद्दल दोन वेगळ्या तक्रारी करतायत आणि दोघींचंही काही अंशी बरोबर आहे. बहिणीला तिची त्वचा परत हवी आहे. काकूंना फोटो मळकट वाटतोय. या दोन दुखण्यांवर तुम्ही एकच औषध दिलंत, ब्लर, आणि त्याने एकही बरं झालं नाही.

मी २००३ मध्ये गिरगावातल्या एका कलर लॅबमध्ये कामाला लागले, तेव्हापासून चेहरेच साफ करतेय. फोटोशॉप ७ आदल्याच वर्षी आलं होतं आणि हीलिंग ब्रश हे त्यातलं नवं हत्यार होतं. त्याआधीचं सगळं काम क्लोन स्टॅम्पवर, म्हणजे एका जागेचा तुकडा जसाच्या तसा दुसरीकडे छापणाऱ्या हत्यारावर चालायचं. लॅबमध्ये साठी गाठलेले एक मास्तर होते. उमेदीच्या काळात त्यांनी मोठ्या निगेटिव्हवर शिसपेन्सिलने रिटचिंग केलेलं. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हमध्ये पारदर्शक दिसतो. तिथे पेन्सिलचे बारीक ठिपके भरले की प्रिंटमध्ये तो भाग उजळ येतो. भरणं सोपं, पण उलटं करायचं, म्हणजे काही गडद करायचं, तर ब्लेडने निगेटिव्ह खरवडावी लागे. हात चुकला की निगेटिव्ह गेली. त्यामुळे गिऱ्हाईक समोर असताना मास्तर आधी एकच विचारायचे, "हा डाग कधीचा?" आमच्याकडे केलेलं मागे घेणारं अंडू आहे, एकावर एक ठेवायचे पारदर्शक थर, म्हणजे लेयर आहेत, म्हणून आम्ही तो प्रश्न विचारायचा सोडून दिला. मी मात्र अजून विचारते.

परवा उठलेली पुटकुळी त्या माणसाची नाही, ती त्या आठवड्याची आहे. ती बिनदिक्कत काढा. दाढी करताना झालेला काप, डास चावल्याची गांधी, नाकावर सांडलेला कुंकवाचा कण, थ्रेडिंगनंतर भुवईवर आलेला लालसरपणा, हे सगळं याच खात्यात जमा. तीळ, चामखीळ, जन्मखूण, गोंदण, लहानपणी पडल्याचा व्रण हे त्या माणसाचे. त्यांना हात लावायचा नाही. स्वतःहून कुणी सांगितलं तरच. आणि मधला एक मोठा गट आहे: वर्षानुवर्षांचे मुरुमांचे डाग, वांग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं. इथे मी अर्ध्यावर थांबते. डाग पुसत नाही, फक्त फोटो बघताना नजर आधी त्याच्याकडे जाणार नाही इतका मागे ढकलते.

ही शिस्त मला एका फोटोने लावली. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी परळहून एक गृहस्थ आले. आई गेली होती, तेराव्याला फ्रेम हवी होती, आणि हातात होता फक्त ओळखपत्रासाठी काढलेला छोटा फोटो. मी तो स्कॅन केला, मोठा केला आणि हौसेने साफ केला. गालांवरचे देवीचे व्रण गेले, हनुवटीवरची गोंदणाची तीन टिंबं डाग समजून मीच उडवली. ते गृहस्थ फ्रेम हातात धरून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, आई पुसली गेली हो." मी रात्री बसून सगळं परत आणलं. आपल्या देशात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला, म्हणजे असे व्रण असलेली माणसं आता पन्नाशीच्या पुढचीच. त्यांच्या घरच्यांना तो चेहरा व्रणांसकटच पाठ असतो.

आता ब्लरने नेमकं काय बिघडलं ते बघू. मूळ फोटो शंभर टक्के झूमवर उघडा आणि बहिणीच्या डाव्या गालावर या. तिथे तीन गोष्टी एकमेकींवर रचलेल्या दिसतील. पहिली पोत: रंध्रं, लव, बारीक रेषा. दुसरी उजेड-सावली: गालाचा उंचवटा, त्याखालची सावली, आणि त्यातच मुरुमांमुळे पडलेले छोटे डोंगर-दऱ्या. तिसरी रंग: मुरुमाभोवतीची लाली, डागाचा तपकिरी, ओठांच्या कडेचा थोडा सावळा पट्टा. मुरुमात या तिन्ही गोष्टी बिघडलेल्या असतात. जुन्या काळ्या डागात मात्र पोत अगदी शाबूत असतो. रंध्रं जिथल्या तिथे असतात, फक्त ती जागा गडद असते. आणि कपाळाच्या चमकेत बिघाड फक्त उजेडाचा. ब्लरला यातलं काही कळत नाही. तो सगळ्यात बारीक गोष्ट आधी खातो, म्हणजे रंध्रं आणि लव, जी बिचारी निर्दोष होती. डाग मात्र मोठा असल्यामुळे जागेवरच राहतो, फक्त धुरकट होतो. वर डोळे, पापण्या आणि नथीचे मोती तसेच धारदार राहतात, त्यामुळे मधली त्वचा मेणाची वाटते. "किती स्मूथ करू" याचं माझं उत्तर म्हणूनच शून्य आहे. पोत स्मूथ करायचाच नाही. पोत जिथे मोडलाय तिथे तेवढाच दुरुस्त करायचा आणि बाकी काम उजेड आणि रंगावर करायचं.

काम सुरू करण्याआधी हातात कोणती फाइल आहे ते बघा. कॅमेऱ्यात रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने काटछाट न करता ठेवलेली मूळ फाइल असेल तर रॉच उघडा. कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो असेल तर त्यातली रंध्रं पाठवतानाच दाबली जाऊन गेलेली असतात. त्यावर कितीही कसब दाखवा, खाली खडबडीत चौकोनच सापडतील. पाठवणाऱ्याला सांगा, फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठव. मोबाइलवर काढलेला असेल आणि ब्यूटी मोड चालू असेल, तर मोबाइलने तुमच्याआधीच ब्लर मारून ठेवलाय.

तुमच्या फोटोत आणखी एक गोष्ट आहे जी त्वचेची नाहीच. ट्यूबलाइट वरून, खिडकी बाजूने. एका गालावर हिरवट झाक आणि दुसऱ्यावर निळसर, शिवाय वरच्या उजेडामुळे डोळ्यांच्या खोबणी काळ्या. काकूंना "उजळ" हवंय त्याचं अर्धं कारण हे आहे, अशी मी पैज लावायला तयार आहे. रॉमध्ये आधी व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं यासाठीचा रंगाचा तोल नीट लावा. बहिणीच्या अंगावर किंवा शेजारी काही पांढरं-राखाडी असेल, उपरण्याचा पांढरा भाग, भिंत, तर तिथून घ्या. मग खिडकीच्या बाजूला मास्क (बदल किती भागापुरता ते ठरवणारा पडदा) आखून तेवढाच भाग थोडा उबदार करा, ट्यूबलाइटच्या बाजूला किंचित मॅजेंटा घाला. एक्सपोजर, म्हणजे एकूण उजेड, पाव-अर्धा स्टॉप (उजेडाचं माप) वर. सावल्या थोड्या उघडा. इतकं झालं की फोटो पुन्हा बघा. निम्मे "डाग" तुम्हाला आठवणार नाहीत, कारण ते घाणेरड्या उजेडाचे होते.

रॉ ज्यात उघडतात त्या लाइटरूममध्ये २०१९ पासून टेक्स्चर नावाचा, पोत कमी-जास्त करणारा स्लायडर आहे. उठाव कमी-जास्त करणारी क्लॅरिटी खाली ओढण्यापेक्षा तो बरा. चेहऱ्यापुरता मास्क करून उणे आठ-दहापर्यंत नेला तर चालतो. उणे चाळीसला नेलात तर परत मेण.

मग हीलिंग. मूळ लेयरवर कधीच नाही. वर एक रिकामा लेयर घ्यायचा, सॅम्पलमध्ये "करंट अँड बिलो" निवडायचं आणि सगळे ठिगळ त्या लेयरवर पाडायचे. ब्रश डागापेक्षा जेमतेम मोठा. कड कडक ठेवा. लोक मऊ ठेवतात आणि मग प्रत्येक डागाच्या जागी एक धुरकट वर्तुळ उरतं. कडा मिसळायचं काम हीलिंग ब्रश स्वतः करतो, तुम्ही परत मऊ करू नका. स्पॉट हीलिंग, जो २००५ च्या आवृत्तीत आला, तो नमुना स्वतः निवडतो. गालाच्या मधोमध चार पुटकुळ्या असतील तर तो झकास. पण तो आंधळा आहे. जबड्याजवळ वापरला तर झुमक्याचा तुकडा गालावर आणून बसवेल.

म्हणून मी साधा हीलिंग ब्रश जास्त वापरते, जिथे ऑल्ट दाबून नमुना आपण घेतो. नमुना घेताना कपड्याला ठिगळ लावणाऱ्या शिंप्यासारखा विचार करा. वीण जुळली पाहिजे. नाकाची रंध्रं मोठी, गालाची मध्यम, डोळ्याखाली जवळजवळ नाहीत, कपाळावर आडव्या रेषा, जबड्यावर लव खाली उतरणारी. गालाचा तुकडा डोळ्याखाली लावला तर रंग जुळेल, पण तिथे अचानक संत्र्याची साल उगवेल. प्रत्येक ठिगळासाठी नमुना नव्याने घ्या. एकाच जागेवरून दहा वेळा घेतलात तर तेच तीन ठिपके गालभर फिरताना दिसतात, आणि एकदा दिसले की मग दिसतच राहतात.

भुवया, केसांची कड, ओठांची रेष, नथ आणि मुंडावळ्या यांच्या जवळ हीलिंग ब्रश वापरू नका. तो आजूबाजूचा रंग ओढून घेतो, त्यामुळे केसाजवळची पुटकुळी काढताना काळा धब्बा पसरतो. तिथे जुनं क्लोन स्टॅम्पच बरं. डाग गडद असेल तर क्लोनचा मोड "लाइटन" ठेवा, म्हणजे तो फक्त गडद ठिपकेच उजळतो, बाकी पोताला हात लावत नाही. उघड्या पोतावर हा मोड म्हणजे निम्मं काम.

एवढं करून ताजी मुरुमं गेली. आता उरले जुने काळपट डाग. इथे लोक परत हीलिंग ब्रश चालवतात आणि गालाची सगळी कातडी बदलून टाकतात. थांबा. त्या डागांचा पोत चांगला आहे, ते फक्त गडद आहेत. त्यांना फक्त उजळ करायचंय. हाताने जागा उजळायची (डॉज) किंवा गडद करायची (बर्न), याला डॉज अँड बर्न म्हणतात आणि माझ्या कामाचा निम्म्याहून जास्त वेळ यात जातो.

माझी पद्धत साधी आहे. दोन कर्व्ह्ज लेयर, म्हणजे खालच्या फोटोचा उजेड वर-खाली करणारे लेयर. एकात मधला बिंदू थोडा वर उचललेला, दुसऱ्यात थोडा खाली दाबलेला. दोघांचे मास्क काळे भरलेले, म्हणजे परिणाम शून्य. मग मऊ पांढरा ब्रश, ओपॅसिटी (रंग किती झाकतो) शंभर, पण फ्लो (एका फटक्यात किती रंग सुटतो) दोन-तीन टक्के. डागावर हलकेच फिरवत राहायचं. एका फटक्यात काही दिसत नाही, सात-आठ फटक्यांनंतर डाग शेजारच्या त्वचेत विरघळायला लागतो. विरघळण्याच्या जरासं आधी हात काढायचा. काम करताना सगळ्यात वर एक कृष्णधवल लेयर आणि त्यावर थोडा कॉन्ट्रास्ट वाढवणारा कर्व्ह तात्पुरता लावून ठेवते. रंग नजरेआड झाला की उजेडाचे खड्डे स्पष्ट दिसतात. फक्त तो लेयर शेवटी बंद करायला विसरू नका. माझ्या एका सहकाऱ्याने एकदा अख्खा अल्बम कृष्णधवल पाठवला होता आणि गिऱ्हाइकाला तो आवडलाही होता, पण ते सोडा.

उंचवटा आणि खड्डा यांतला फरक ओळखायला शिका. तुमच्या फोटोत खिडकी डावीकडे आहे. पुटकुळी असेल तर तिची डावी कड उजळ आणि उजवीकडे छोटी सावली. मुरुमाने पडलेला खड्डा असेल तर नेमकं उलटं: डावी आतली कड सावलीत, उजवी कड उजळ. खड्ड्याच्या बाबतीत मी फक्त उजळ कड थोडी दाबते आणि सावली थोडी उचलते. खड्डा राहतो, खोली कमी होते. पूर्ण सपाट केला तर त्या जागी गाल टाइलसारखा दिसतो.

सावळ्या त्वचेबद्दल एक इशारा, कारण परदेशी व्हिडिओ बघून शिकलेली मुलं इथे हमखास फसतात. ते व्हिडिओ बहुतेक गोऱ्या त्वचेवर केलेले असतात. आपल्याकडे डाग उजळला की ती जागा राखी पडते, भस्म लावल्यासारखी. आणि बर्न केलं की नारिंगी-तांबूस होते. त्यासाठी वर एक रिकामा लेयर घ्या, मोड "कलर", शेजारच्या चांगल्या त्वचेचा रंग ड्रॉपरने उचला आणि दहा-पंधरा टक्के ओपॅसिटीने त्या राखी जागेवर फिरवा. उजेड तसाच राहतो, रंग परत येतो. दुसरं, आपल्या चेहऱ्याचा रंग सगळीकडे सारखा नसतोच. ओठांभोवती, डोळ्यांभोवती, कपाळाच्या कडांना तो मुळातच थोडा गडद असतो. तो फरक पुसून सगळा चेहरा एका रंगाचा केलात की मुखवटा तयार होतो. काळ्या वर्तुळांसाठीही तेच: निम्मी उचला, निम्मी ठेवा. साखरपुड्याच्या दिवशी पहाटे पाचला उठलेली मुलगी थोडी थकलेली दिसणारच.

फ्रिक्वेन्सी सेपरेशनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल, म्हणून सांगते. यात फोटोचे दोन थर करतात, खाली रंग-उजेड आणि वर पोत. लेयरच्या दोन प्रती काढा. खालच्या प्रतीवर गॉशियन ब्लर, इतकाच की रंध्रं दिसेनाशी होतील पण नाकाचा आकार राहील. तुमच्या २४ मेगापिक्सेलच्या अर्ध्या देहाच्या फोटोला सहा ते दहा पिक्सेल पुरतील. वरच्या प्रतीवर अप्लाय इमेज, त्यात खालचा लेयर निवडायचा, ब्लेंडिंग सबट्रॅक्ट, स्केल २, ऑफसेट १२८. फाइल १६ बिटची असेल तर ॲड, इन्व्हर्टवर टिक, स्केल २, ऑफसेट ०. मग त्या लेयरचा मोड लिनिअर लाइट. बरोबर झालं असेल तर फोटो अगदी मूळ फोटोसारखाच दिसेल. वेगळा दिसला तर कुठेतरी आकडा चुकलाय, पुढे जाऊ नका.

पद्धत उत्तम आहे, पण लोक तिचा गैरवापर करतात. खालच्या थरावर लॅसोने, म्हणजे हाताने वेढा घालून, अख्खा गाल निवडतात आणि ब्लर मारतात. वर रंध्रं शाबूत असतात म्हणून आधी कळत नाही, पण गालाचा आकार गेलेला असतो. रंध्रं असलेला फुगा. मी हे फक्त तेव्हा वापरते जेव्हा मेकअप थापलेला असतो आणि रंगाचे मोठे ठिगळ पडलेले असतात. तुमच्या फोटोला याची गरज नाही. पैसे न घालवता करून बघायचं असेल तर गिंप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हील टूल आहे आणि २.१० आवृत्तीपासून वेव्हलेट डीकंपोज नावाचा फिल्टर हेच काम दोनाऐवजी चार-पाच थरांत करून देतो.

आता कपाळ. मुंबईत मे असो वा ऑक्टोबर, हॉलमधला एसी दोनशे माणसांपुढे हरतो आणि कपाळं चमकतात. चमक पूर्ण घालवू नका. उजेडाचा तो पट्टाच सांगतो की कपाळ गोल आहे. रिकाम्या लेयरवर क्लोन स्टॅम्प, मोड "डार्कन", ओपॅसिटी पंधरा टक्के, नमुना चमकेच्या लगतच्या त्वचेतून, आणि कडेकडून आत या. मधोमध थोडी चमक सोडा. जिथे उजेड पूर्ण पांढरा फुटलाय तिथे पोत उरलेलाच नसतो. तिथे आधी हीलिंगने पोत आणावा लागतो, मग रंग. पुढच्या वेळी खिशात टिश्यू पेपर ठेवा आणि शटर दाबण्याआधी बहिणीच्या हातात द्या. वीस मिनिटांचं काम दहा सेकंदांत होतं, आणि हे मी रिटचर असून सांगतेय.

हळदीच्या फोटोंची गोष्ट वेगळी. तुमच्याकडे ते लवकरच येतील म्हणून आत्ताच सांगून ठेवते. हळद लागताना चेहरा पिवळा असायलाच हवा, तो रंग काढू नका. पण दुसऱ्या दिवशी, लग्नाच्या फोटोत, केसांच्या मुळाशी, कानामागे आणि नखांत पिवळा उरतो. ह्यू-सॅच्युरेशनमध्ये फक्त पिवळा चॅनल घेऊन सॅच्युरेशन कमी करा, पण मास्क लावूनच. नाहीतर सोनं आणि शालूची जर दोन्ही फिकी पडतील आणि मग घरात जे होईल त्याला मी जबाबदार नाही.

काकूंकडे येऊ. "उजळ कर" हे वाक्य मी या धंद्यात सगळ्यात जास्त ऐकलंय, विशेषतः स्थळांसाठी पाठवायच्या फोटोंच्या वेळी. २०२० मध्ये एका घराघरांतल्या क्रीमने नावातला "फेअर" शब्द काढला. फोटो घेऊन येणाऱ्यांच्या तोंडचा शब्द तसाच आहे. मी नाही म्हणते, आणि भांडण नको असेल तेव्हा तांत्रिक कारण देते, जे खरंच आहे. चेहरा गोरा केला की कान तसेच राहतात. कान केले की मान. मान केली की हात, आणि हातात अंगठी, जिच्यावर चेहऱ्याचं प्रतिबिंब. शेवटी शेजारी उभा असलेला नवरामुलगा आणि भटजीसुद्धा उजळावे लागतात. रंग बदलायचा नाही, उजेड बदलायचा. वर सांगितलेला व्हाइट बॅलन्स आणि एक्सपोजर नीट केलेला फोटो काकूंना दाखवा, काही न बोलता. दहापैकी आठ वेळा काकू म्हणतात, "आता कसं छान वाटतंय." बाकी दोन वेळा मी चहा सांगते.

पासपोर्ट, व्हिसा किंवा कुठल्याही सरकारी ओळखपत्राच्या फोटोवर मात्र यातलं काहीच करायचं नाही. पार्श्वभूमी आणि उजेड फोटो काढतानाच नीट ठेवा. त्वचेला, तिळाला, व्रणाला हात लावलात तर फोटो परत येऊ शकतो.

हे सगळं एका फोटोला मला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तुम्हाला सुरुवातीला तास लागेल. आणि साखरपुड्याचे फोटो सहाशे असतील. त्यामुळे परिस्थितीप्रमाणे ठरवा. अल्बमच्या एका पानावर दहा छोटे फोटो जाणार असतील, तर त्यांत चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा असतो. तिथे रॉमधला रंग आणि दोन मोठ्या पुटकुळ्या, बस्स. पूर्ण पानावर जाणारे, भिंतीवर लागणारे आणि बहीण प्रोफाइलला लावणार ते असे मिळून बारा-पंधरा फोटो निघतील. वेळ त्यांना द्या.

आता प्लग-इन. लग्नाच्या अल्बमचं काम करणाऱ्या स्टुडिओंत पोर्ट्रेचर हे त्वचा स्मूथ करणारं प्लग-इन सर्रास चालतं, आणि आता एका क्लिकवर त्वचा साफ करणारी एआयवाली साधनंही बरीच आहेत. घाईच्या कामात मीही वापरते. पण वेगळ्या लेयरवर, ओपॅसिटी तीसच्या वर नाही, आणि तिळांच्या जागी मास्क पुसून. एआयच्या बाबतीत एक डोळा उघडा ठेवा. ते जुनी रंध्रं साफ करत नाही, कित्येकदा नवी रंध्रं स्वतःच्या मनाने रेखाटतं, आणि त्या भानगडीत डोळ्याचा कोपरा किंवा ओठांची मुरड किंचित बदलते. बघणाऱ्या परक्याला कळत नाही, आईला लगेच कळतं. तुम्ही शिकत असाल तर पहिले पन्नास चेहरे हाताने करा आणि मग विकत घ्या. तेव्हा ते कुठे चुकतंय हे तुम्हाला दिसेल.

नजरेबद्दल दोन शब्द. काम शंभर टक्के झूमवर करा, निकाल मात्र पूर्ण फोटो स्क्रीनवर बसवून लावा. तीनशे टक्क्यांवर सगळ्यांच्याच त्वचेला चंद्राचे खड्डे असतात. स्क्रीनचा ब्राइटनेस अर्ध्यावर आणा आणि रात्री रंग पिवळट करणारी सेटिंग बंद ठेवा. पेन टॅबलेट असेल तर उत्तम, नसेल तर माऊसनेही होतं, फ्लो कमी ठेवला की झालं. सगळे रिटचिंगचे लेयर एका ग्रुपमध्ये टाका आणि काम संपलं की उठा. खाली जाऊन चहा प्या. परत येऊन त्या ग्रुपची ओपॅसिटी शंभरवरून हळूहळू खाली आणा. माझा हात बहुतेक वेळा सत्तर-ऐंशीच्या मध्ये थांबतो. इतकी वर्षं झाली तरी पहिल्या फटक्यात मी जास्तच करते.

तर तुमच्या फोटोपुरतं सांगायचं झालं तर क्रम असा लावा: ब्लरवाली फाइल बाजूला, रॉ उघडा, दोन उजेड जुळवा, ताजी मुरुमं रिकाम्या लेयरवर काढा, जुने डाग डॉज करून अर्ध्यावर आणा, राखी पडलेला रंग परत द्या, कपाळाची चमक कडेने उतरवा, ग्रुप खाली आणा. डाव्या गालावर ओठाजवळ तीळ आहे असं तुम्ही लिहिलंय आणि तो काढला होता असंही. तो आधी परत आणा. आणि फोटो काकूंना पाठवण्याआधी बहिणीला दाखवा, तिच्या मोबाइलवर, मूळ आणि नवा शेजारी शेजारी ठेवून. तिने नव्या फोटोत तीळ शोधला आणि सापडल्यावर मोबाइल पुढे सरकवला, की मग काकूंचा नंबर.